बंदीतली बॅटरी आणि अनुदानातली बॅटरी

३ एप्रिल २०२४ रोजी पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात, दाणाबाजारातील एका शिलाईच्या दुकानाला आग लागली. दुकान तळमजल्यावर होते आणि वर माणसे राहत होती. ज्वाळा वरच्या मजल्यापर्यंत पोचल्या नाहीत. धूर मात्र पोचला आणि एकाच कुटुंबातील सात जीव गुदमरून गेले. त्यांत दोन लहान मुले होती. चार्जिंगला लावलेल्या विजेवरच्या दुचाकीवर पहिल्याच दिवशी संशय व्यक्त झाला. संशय म्हणजे निष्कर्ष नव्हे, आणि आगीच्या कारणाचा निवाडा वृत्तपत्राच्या रकान्यात होत नसतो. परंतु हा संशय ऐकून कोणालाही आश्चर्य वाटले नाही, हीच गोष्ट पुरेशी बोलकी आहे. खाली दुकान, वर बिऱ्हाड, मधून एकच जिना आणि जिन्याच्या तोंडाशी रात्रभर चार्जिंगला लावलेली गाडी, हे चित्र जुन्या शहराच्या कोणत्याही गल्लीत सापडते.

या गाडीच्या आसनाखाली जी बॅटरी असते तिचे लहान भावंड आज कॉलेजच्या मुलांच्या खिशात आहे. ई-सिगारेट, किंवा मुले ज्याला सरसकट 'वेप' म्हणतात ते उपकरण, म्हणजे वस्तुतः एक लिथियम-आयन सेल, एक तापणारी तार आणि निकोटिन मिसळलेला द्रव. मोठ्या उपकरणात वापरला जाणारा सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. याच मापाचे सेल शेकड्यांनी जोडून कित्येक विजेवरच्या वाहनांच्या बॅटऱ्या तयार होतात. रसायन एक, धोकाही एक. शासनाची या दोन वस्तूंकडे पाहण्याची दृष्टी मात्र सर्वस्वी भिन्न आहे. एकीवर बंदी आहे, दुसरीला अनुदान आहे. आणि ज्याच्या घरात किंवा खिशात ती बॅटरी प्रत्यक्ष असते, त्याला तिच्याविषयी शहाणपणाचे चार शब्द सांगण्याची जबाबदारी दोन्ही बाबतींत कोणीच घेतलेली नाही.

आधी बंदीचा विचार करू. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने वटहुकूम काढून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात यांवर बंदी घातली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेने त्याचा कायदा केला. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, पुन्हा गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड, नुसता साठा केला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड. ओढणाऱ्यासाठी मात्र या कायद्यात शिक्षा नाही. हे योग्यच झाले, कारण व्यसनी माणूस गुन्हेगार नसतो. बंदीमागचा युक्तिवादही पोकळ नव्हता. निकोटिन हे व्यसन लावणारे द्रव्य आहे, फळांच्या स्वादाचा मुलामा देऊन ते शाळकरी मुलांपर्यंत पोचवण्याचा उद्योग अमेरिकेत उघड झाला होता, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे २०१९ मध्ये संपूर्ण बंदीची शिफारस केली होती. नफ्यासाठी नवी पिढी व्यसनाला जुंपणाऱ्या कंपन्यांना दार बंद केले, याबद्दल समाजवादी कार्यकर्त्याने अश्रू ढाळण्याचे कारण नाही.

पण शासनाची तंबाखूविरोधी निष्ठा किती खोल आहे, हेही पाहिले पाहिजे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करत होते. त्यांतील फार मोठा हिस्सा चघळण्याच्या तंबाखूचा होता. ज्या वस्तूवर २०१९ मध्ये वटहुकूमाने झडप घातली, ती त्या वेळी हजारात एकाच्याही हाती नव्हती. ज्या सिगारेटने आणि विडीने प्रत्यक्ष माणसे मरतात ती मात्र कायदेशीर राहिली. सिगारेट बनवणाऱ्या देशातील सर्वांत मोठ्या कंपनीत आयुर्विमा महामंडळाचे आणि केंद्र सरकारच्या ताब्यातील युनिट ट्रस्टच्या उपक्रमाचे भागभांडवल होते, आणि त्या घोषणेनंतर तंबाखू कंपन्यांचे समभाग वधारले. यात कट शोधण्याची गरज नाही. हितसंबंधांना कट करावा लागत नाही.

शिवाय बंदी म्हणजे काय, याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तेव्हापासून गुटखा पकडल्याच्या बातम्या इतक्या नित्याच्या झाल्या आहेत की वाचक त्या वाचतही नाही, आणि पकडलेला माल पाहूनच न पकडलेल्या मालाचा अंदाज येतो. वेपची गतीही निराळी झालेली नाही. दुकानाच्या काउंटरवरून ती खाली सरकली, एवढाच फरक.

काउंटरखाली गेलेल्या वस्तूबरोबर तिची माहितीही काउंटरखाली जाते. या चोरट्या मालाला पावती नसते, प्रमाणचिन्ह नसते, मराठीतले किंवा कोणत्याच भाषेतले माहितीपत्रक नसते. खोटा सेल विकला म्हणून तक्रार करायला ग्राहक मंचाकडे जाता येत नाही. विकणारा पोरगा स्वतःच अनभिज्ञ, घेणारा त्याहून अनभिज्ञ, आणि बापाला सांगण्याची सोय नाही. अशा वेळी जे सांगणे आवश्यक आहे ते सांगितलेच पाहिजे, आणि त्यासाठी कोणाला व्यसनाचा प्रचारक ठरवण्याचे कारण नाही. दारूबंदीचा कट्टर पुरस्कर्ताही हातभट्टीत मिथेनॉल असू शकते आणि त्याने डोळे जातात, प्राण जातात, हे वस्तीत जाऊन सांगतोच. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, ती सर्व कष्टकरी वस्तीतली होती. जी वस्तू ओढू नये असे सांगायचे, ती जाळून घेऊन मरू नये असेही सांगायचे, यात विसंगती नाही.

सांगायचे ते असे. लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो. तापणाऱ्या तारेचा, म्हणजे कॉइलचा, विरोध ओहममध्ये मोजतात. व्होल्टला ओहमने भागले की सेलमधून किती अँपिअर प्रवाह ओढला जाईल ते कळते. हा शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातला ओहमचा नियम. १.२ ओहमची कॉइल भरलेल्या सेलमधून साडेतीन अँपिअर ओढते आणि सुमारे १५ वॅट उष्णता देते. तीच कॉइल ०.२ ओहमची असेल तर प्रवाह २१ अँपिअरवर आणि शक्ती ८८ वॅटवर जाते. जुन्या लॅपटॉपमधून काढलेला सेल एवढा प्रवाह देण्यासाठी बनलेलाच नसतो. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या नकली सेलच्या वेष्टनावर जो आकडा छापलेला असतो तो आशेचा आकडा असतो. ज्या साध्या नळीत प्रवाह आवरणारे विद्युतमंडलच नसते, तिच्यात सेल आणि अनर्थ यांच्यामध्ये दुसरे काहीही उभे नसते. नवख्याने अशा नळीला हात लावू नये, हे जगभरचे जाणकार सांगतात.

ज्या उपकरणात मंडल असते त्यात वॅट कमीजास्त करण्याची कळ असते, आणि तरुण मनाला कळ दिसली की ती वर नेण्याचा मोह होतोच. येथे एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ठरावीक वॅट द्यायचे तर सेल उतरत जाईल तसतसा मंडलाला त्याच्यातून अधिक प्रवाह ओढावा लागतो. एका सेलवर ६० वॅट लावले आणि सेल ३.२ व्होल्टवर आला की जवळजवळ १९ अँपिअर ओढले जातात. म्हणजे जो सेल थकला आहे त्याच्यावरच जास्त भार, अगदी कारखान्यातल्या तिसऱ्या पाळीसारखा. कॉइलवर तिची वॅटमर्यादा छापलेली असते. सुरुवात त्या मर्यादेच्या खालच्या टोकापासून करावी, वर जाण्याची घाई करू नये. मर्यादेबाहेर गेले की कापूस कोरडा पडून करपतो आणि द्रवाचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइडसारखे विषारी वायू घशात जातात. शिवाय वॅट वाढले की वाफ वाढते आणि प्रत्येक झुरक्यातून जाणारे निकोटिनही वाढते. आकडा वर नेणारा मुलगा आपले व्यसनच वर नेत असतो, हे त्याला विकणारा सांगणार नाही.

सेल सुटा खिशात टाकू नये. किल्ल्या आणि नाणी त्याच्या दोन टोकांना जोडतात आणि मांडी भाजते. वेष्टन फाटलेला, चेपलेला, फुगलेला किंवा विनाकारण तापणारा सेल वापरातून काढावा. चार्जर त्या उपकरणाचाच असावा. फोनचा जलद चार्जर या लहान यंत्रांना मानवतोच असे नाही. उशीखाली, गादीवर आणि झोपेच्या वेळी चार्जिंग करू नये. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातील प्रसिद्ध झालेल्या घटना गोळा केल्या तेव्हा ई-सिगारेटला आग लागल्याचे किंवा तिचा स्फोट झाल्याचे १९५ प्रकार आढळले आणि १३३ जण जखमी झाल्याची नोंद झाली. २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्ससमध्ये अशा स्फोटाने माणूस दगावला. कोट्यवधी उपकरणांत हे प्रमाण लहान आहे. पण ही त्या देशातील गोष्ट झाली, जिथे वस्तू उघड विकली जाते आणि अपघाताची नोंद होते. जिथे वस्तूच बेकायदा आहे तिथे भाजलेला मुलगा इस्पितळात गेलाच तर मोबाइल फुटला असे सांगतो आणि नोंदही तशीच होते.

आता दुसरी बॅटरी पाहू. विजेवरच्या दुचाकीला विरोध करण्याचे कारण नाही. पेट्रोलच्या भावाने पिळलेल्या, वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात रोज ये-जा करणाऱ्या कामगाराला ती परवडते. पण स्वस्त गाडी स्वस्त का असते, हे विचारलेच पाहिजे. २५० वॅटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत धावणाऱ्या दुचाकीला नोंदणी लागत नाही, परवाना लागत नाही. म्हणून त्या वर्गातली गाडी घ्यायची आणि विक्रेत्याकडून तिची शक्ती गुपचूप वाढवून घ्यायची, हा धंदा राज्यात इतका बोकाळला की मे २०२२ मध्ये परिवहन आयुक्तांना त्याविरुद्ध कारवाईचे आदेश काढावे लागले. वेपच्या कळीचे हेच मोठे रूप. बॅटरी ज्या भारासाठी बनली त्याहून अधिक भार तिच्यावर घालायचा, आणि परिणाम गिऱ्हाइकाच्या माथी मारायचे.

परिणाम दिसलेच. मार्च २०२२ मध्ये तमिळनाडूत वेल्लोरला घरात चार्जिंगला लावलेल्या गाडीने पेट घेतला आणि बाप-लेक धुरात गुदमरून मेले. त्याच महिन्यात पुण्याला लोहगावात उभी स्कूटर जळाली. सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबादला खाली विजेवरच्या दुचाकींचे दुकान आणि वर लॉज अशा इमारतीत आठ माणसे गेली. आणि त्याच महिन्यात वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीच्या स्फोटाने भाजलेला सात वर्षांचा मुलगा इस्पितळात मरण पावला. यानंतर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षिततेचे कडक मानक आणले. पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून, दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. सेलमधील अंतर, बॅटरीचे नियंत्रण करणारे मंडल, आत आग सुरू झाल्यास इशारा, अशा तरतुदी त्यात आल्या. मानक चांगले आहे. पण ते नव्या गाडीला लागू होते. त्याआधी विकलेली गाडी, दुरुस्तीच्या टपरीवर सुटे सेल जोडून पुन्हा उभी केलेली बॅटरी आणि मूळ चार्जर बिघडल्यावर घेतलेला अर्ध्या किमतीचा चार्जर यांना कोणते मानक विचारते? गरिबाची गाडी दुसऱ्या हातची असते आणि तिची बॅटरी तिसऱ्या हातची. टपरीवाल्या कारागिराला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. त्याला सेल जुळवण्याचे शिक्षण कोणी दिले नाही, आणि शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा दरवाजा त्याच्यासाठी संध्याकाळी कोणी उघडला नाही.

हे सारे कोणत्या शहरात घडते आहे? ज्या शहराला विजेवरच्या वाहनांची राजधानी करण्याच्या घोषणा रोज होत आहेत त्या शहरात. बिडकीनच्या ऑरिक वसाहतीत दुचाकींचा आणि बॅटऱ्यांचा कारखाना उभारण्याचा एका कंपनीचा निर्णय जून २०२४ मध्ये जाहीर झाला. त्यापाठोपाठ जुलैअखेर एका परदेशी मोटार कंपनीशी सामंजस्य करार झाला. गुंतवणुकीचे आकडे हजारो कोटींचे. दाणाबाजारातील सात तिरड्या उठून तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने विजेवरच्या मोटारींना समृद्धी महामार्गावर टोलमाफी दिली आणि राष्ट्रीय महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे ठरवले. महामार्गावरून नागपूरला जाणाऱ्याची काळजी शासनाला आहे. गल्लीत राहणाऱ्याने गाडी जिन्याखाली नाही लावायची तर कोठे लावायची, याचे उत्तर त्या धोरणात शोधून सापडत नाही. भाडेकरूला स्वतंत्र मीटर मिळत नाही, घरमालक अंगणात तार ओढू देत नाही, रस्त्यावर ठेवली तर बॅटरी चोरीला जाते. म्हणून ती घरात येते आणि माणसांबरोबर झोपते. त्या माणसाला 'निष्काळजी' म्हणण्याचा अधिकार त्यालाच, ज्याच्या बंगल्याला गॅरेज नाही.

आणि हे विचारायचे तरी कोणाला? एप्रिल २०२४ मध्ये छावणी परिषदेत आणि महानगरपालिकेत, दोन्ही ठिकाणी लोकनियुक्त सभागृह नव्हते. महानगरपालिकेवर तर एप्रिल २०२० पासून प्रशासक होता. वॉर्डातल्या बाईने नगरसेवकाच्या दारात जाऊन "आमच्या जिन्यात तारा लोंबतायत" असे ओरडून सांगण्याची जी जुनी, बेशिस्त, पण उपयोगी लोकशाही होती, ती दोन्हीकडे मुदत संपल्याच्या कागदाखाली दबलेली होती. २००६ चा राज्याचा अग्निप्रतिबंधक कायदा आहे; इमारतीची तपासणी करून घेण्याची जबाबदारी त्याने मालकावर आणि भोगवटादारावर टाकली आहे. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा दुमजली घरात ती तपासणी कोण करते, हे जुन्या शहरातल्या दहा घरांत विचारून पाहावे.

कचऱ्याचा मुद्दा थोडक्यात. एकदा वापरून फेकायच्या वेपमध्ये भरता येणारा द्रव नसतो, सेल मात्र असतो, आणि तो सरळ कचऱ्यात जातो. दाबणाऱ्या गाडीत चेपला की पेटतो. ब्रिटनने १ जून २०२५ पासून अशा फेकाऊ वेपवर बंदी घातली, त्याचे हे एक कारण होते. या शहराने २०१८ मध्ये नारेगावच्या कचरा डेपोवरून आणि मिटमिट्याच्या दंगलीवरून कचरा किती ज्वालाग्राही असतो ते वेगळ्या अर्थाने अनुभवले आहे. ऑगस्ट २०२२ च्या केंद्रीय नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. बेकायदा वेपला मात्र या देशात उत्पादकच नाही. तिचा सेल कचरा वेचणाऱ्या बाईच्या बोटांत येतो.

तेव्हा पक्षाच्या कार्यकर्त्यांपुढे काम स्पष्ट आहे आणि ते मोर्च्याइतके आकर्षक नाही. वॉर्डातल्या वॉर्डात फिरून रात्री कोणत्या जिन्यात गाड्या लागतात त्याची यादी करायची. चार्जिंग जिन्याच्या तोंडाशी नको, दुसऱ्या वाटेच्या आड नको, झोपेच्या वेळी नको. भिजलेली किंवा आपटलेली बॅटरी तपासल्याशिवाय लावायची नाही. बॅटरीतून शिसण्याचा आवाज किंवा गोडसर उग्र वास आला तर पाण्याची बादली शोधत न बसता आधी माणसे खाली उतरवायची, मग अग्निशमन दलाला कळवायचे. एवढे घरोघर सांगायचे. कॉलेजच्या पोरांना वेपविषयी बोलताना नीतिपाठ थोडा कमी करून ओहमचा नियम थोडा अधिक सांगायचा. ज्याला आपल्या खिशातल्या यंत्राचे खरे गणित कळते, तो ते सोडण्याच्या जवळ येण्याची शक्यता अधिक असते. आणि महानगरपालिकेकडे व छावणी परिषदेकडे तीन मागण्या करायच्या. प्रत्येक मोहल्ल्यात मोकळ्या जागेवर, पत्र्याच्या छपराखाली, राखणदारासह आणि घरगुती दराने सार्वजनिक चार्जिंगची जागा असावी. जुने सेल परत घेणारी पेटी प्रत्येक वॉर्ड कार्यालयात असावी. आणि अशा प्रत्येक आगीचा तपास-अहवाल मराठीत आणि उर्दूत छापून, ज्या गल्लीत आग लागली तिथल्या भिंतीवर लावला जावा.